बरणीतली पेन्सिलची चिठ्ठी

रविवारी सकाळी नांदेड स्टँडवर लातूरची एसटी पकडली. चाकूरला उतरायचं होतं. फिरायला नाही हो, माफी मागायला!

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि समुद्रातल्या स्पंजांवर काम करते. हो, नांदेडात बसून. नमुने स्पिरिट भरलेल्या बरण्यांत घालून रत्नागिरीहून आणते, एकदा मे महिन्यात, एकदा दिवाळीनंतर. स्पंजाच्या अंगात काचेसारख्या सुया असतात, तोच त्याचा सांगाडा. माझ्या नमुन्यांत त्या उन्हाळ्यात बारीक असतात, पावसाळा सरला की जाड. गेल्या वर्षी नेमकं उलटं निघालं. प्रयोगशाळेत या बरण्या सांभाळणारे शिपाई शब्बीरचाचा, त्यांच्या निवृत्तीला आठ दिवस उरलेले. "बरण्यांची अदलाबदल तुम्हीच केली," असं मी त्यांना अख्ख्या विभागासमोर सुनावलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आतली चिठ्ठी बघा." मी बघितली नाही. निरोपाची शाल घ्यायला चाचा आलेच नाहीत.

परवा सुया पुन्हा मोजायला त्याच बरण्या उघडल्या. स्पिरिटमध्ये शाई पसरते, म्हणून चाचा पेन्सिलीने चिठ्ठी लिहून आत टाकायचे. चिठ्ठ्या बरोबर होत्या. महिने मी झाकणांवर लिहिले होते आणि झाकणं धुऊन मीच एकीचं दुसरीवर बसवली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. लोह्याला गाडी थांबते, तिथली गरम भजी जरूर खा. मी मात्र गाडीतच बसून राहिले. अहमदपूरनंतर तर वाटलं, उतरून परत फिरावं.

चाकूरला पोचले तेव्हा चाचा घराच्या अंगणात शेळीला पाला टाकत होते. मला बघून आधी हेच विचारलं, "मे महिन्याच्या सुया बारीकच हायेत ना?"

"हाव चाचा. झाकणं मीच चुकीची लावली. माफ करा."

चाचींनी भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, आग्रह करकरून. निघताना चाचा हळू म्हणाले, "गलती कुणाकडूनबी हुती, मॅडम. पर बोलल्या समद्यांम्होरं, आन् माफी अंगणात?"

परतीच्या गाडीत तीन तास मान वर झाली नाही.

घरी येऊन आधी हे लिहायला बसले. विभागातले सगळे आणि माझे विद्यार्थी हा ब्लॉग वाचतात. उद्या विभागात उभी राहून तोंडानेही हेच सांगणार आहे. शालीसाठी चाचांना त्याच खोलीत बोलावणार आहे, येतील का माहीत नाही. तर सगळ्यांनी ऐका: चूक शब्बीरचाचांची नव्हती, माझी होती.