वाढलेली बांगडी

बांगडीभाऊ नकाशाला बांगड्या भरत. हिवतापाच्या कामावरचे ते आमचे सुपरवायझर, घर मूळचं वडशाच्या बांगडीवाल्यांचं. मुलचेऱ्याच्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशात प्रत्येक गावावर तान्ह्या पोरीची बांगडी ठेवून पेन्सिल फिरवायची, गोलाचे महिन्याला एक असे बारा भाग पाडायचे. ताप जितका, तितका लाल रंग गडद. एका नकाशात अख्खं वर्ष. मी सातवीत शाळा सोडलेला फवारणी मजूर, पण मलाही ते वाचता येई.

आधी त्यांनी महिन्याला एक असे बारा नकाशे लावले होते. "बारावा पाहेपर्यंत पह्यला विसरते," म्हणून काढले. मग गावाशेजारी तापाच्या चढउताराची रेघ काढली. तिला मी नाला समजलो आणि पाठीवर पंप घेऊन दुपारपर्यंत तो नाला शोधला. भाऊ म्हणाले, "रेघ चुकली गा, तू नाई." शाळेत मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

ड्रायव्हर चिडवायचा, "भाऊ, गावाले बांगड्या भरल्या, आता मेंदी कधी?"

"मच्छरदाण्या येऊ दे पह्यले."

त्या आल्या, पण कमी. मोठ्या साहेबांनी नकाशा पाहून माझं गाव यादीतून खोडलं. जुलै-ऑगस्ट कोरे, म्हणजे ताप नाही, असं त्यांनी धरलं. गावात माझी आई आणि तीन वर्षांची मुलगी.

"साहेब, ताप नसला तर भाग पांढरा ठेवतो, पण गोलाची कड असते," भाऊ म्हणाले. "इथी कडच नाई. बांगडी वाढली."

"ताप वाढला?"

"बांगडी फुटली. आमच्या घरी फुटली म्हणत नाई. पुलावर पाणी होतं, आपलं कोणी ताप पाहाले गेलंच नाई. ताप नाई, असं कसं लिहू?"

"मग किती धरायचा?"

"धरू नका. मच्छरदाण्या द्या."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा नकाशा पाहिला आणि गाव परत लिहिलं. भाऊ जेवायला गेले.

भाऊ आता नाहीत. मी सुरतेकडे एका गोदामावर पहारा करतो. खोलीच्या भिंतीवर माझ्या गावाची एक बांगडी आहे. फोनवर घरचा ताप कळला की महिना लाल करतो. सगळे बरे असले की पांढरा.

या जुलैत फोन लागलाच नाही. पांढरा ठेवायला हात धजेना. मी त्या महिन्याची कड पुसली आणि सुट्टी मागायला गेलो.