थेटरावाची न लागणारी डिस्क

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कोण जातंय. धंदा व्हिडिओ शूटिंगचा आणि ओळख थेटराव म्हणून. माणूस तसाच. रस्त्याला वळण आलं की हा कुंपणावरून उडी मारणार, आणि पँट फाटली की कुंपणाला शिव्या देणार. लग्नसुद्धा मध्यस्थ न घालता जमवलं. सरळ मुलीच्या बापापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुमची मुलगी मला द्या. बाप हसायला लागला तो ठसका लागेपर्यंत हसला, आणि हसता हसताच हो म्हणून बसला.

कामातही तीच तऱ्हा. शूटिंगच्या फाईली उचलायच्या आणि थेट डीव्हीडी राईट करायला लावायची. प्रत्येक डिस्कला कॉम्प्युटर पहिल्यापासून दळण घालणार, मध्ये कुठे अडखळला की डिस्क बाद. बाद डिस्का शेजारणी मागून न्यायच्या आणि पाखरं हुसकायला परसात टांगायच्या. आख्ख्या गल्लीचा भाजीपाला थेटरावाच्या चुकांवर पोसलेला.

दुकानातला कॉम्प्युटर सांभाळायची बायको. तिचं म्हणणं, आधी डिस्क इमेज करावी. म्हणजे आख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाईलमध्ये कॉम्प्युटरवरच तयार करायची, ती लावून बघायची, आणि मग तिच्यावरून हव्या तेवढ्या डिस्का काढायच्या. साचा एकदा नीट जमला की विटा कितीही पाडा, असं ती समजावायची. यावर थेटराव विचारायचा, नदीवर पोहायला निघालेला माणूस आधी घरी बादलीत पोहून बघतो का. बायको वाद घालायची नाही. बुडाल्यावर काढायला आपल्यालाच जायचंय, हे तिला ठाऊक होतं.

तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक दिवस सासूबाईंनी लेकीला सांगितलं, मला एकदा यांचं हसणं ऐकायचंय. फोटो ढिगाने होते, पण फोटोतला माणूस हसतो आणि आवाज काढत नाही. हसणं होतं एकाच कॅसेटमध्ये. नवा कॅमेरा आणल्यावर थेटरावाने सासऱ्याचं शूटिंग करून हात साफ केला होता, ती. त्याने ती शोधून काढली, कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि उतरवून होतंय न होतंय तोच जुन्या मशीनने कॅसेट चावली. फीत कोंबडीच्या आतड्यासारखी बाहेर आली. आता म्हाताऱ्याचं हसणं जे काही उरलं, ते कॉम्प्युटरमध्ये.

सासूबाईंच्या टीव्हीला डीव्हीडीचं मशीन, म्हणून डिस्कच हवी. थेटरावाने थेट दोन काढल्या. दोन्ही परसात टांगायच्या लायकीच्या. तेव्हा बायकोने इमेज करून ठेवली, आणि पुढे माहेरी निघताना बजावलं की हिच्यावरूनच काढून आणा. थेटराव हो म्हणाला. मग फोटो टाकावेत तशी त्याने ती इमेजची फाईल थेट कोऱ्या डिस्कवर टाकली. काम चुटकीसरशी झालं. एवढ्याशा कामाचा ही किती बाऊ करते, असं पुटपुटत त्याने जागा मोकळी करायला कॉम्प्युटरवरची इमेज पुसली, मूळ फाईल पुसली, आणि शीळ घालत सासुरवाडीला निघाला.

सासूबाई ठेवणीतले कपडे घालून टीव्हीसमोर बसल्या होत्या. डिस्क घातली. मशीनने जरा घुरघुर केली आणि पडद्यावर अक्षरं आली, डिस्क वाचता येत नाही. थेटरावाने ती काढून शर्टाला पुसली, पुन्हा घातली.

"दाजी, उलटी घालून बघा," मेव्हणा म्हणाला. "नाहीतर टीव्ही उलटा करू."

कोणी हसलं नाही, कारण सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"इमेज दुकानात आहे ना?" बायकोने हळूच विचारलं.

"पुसली."

"आणि मूळ फाईल?"

थेटराव छताकडे बघायला लागला. थेट उत्तर देणं त्याला जन्मात पहिल्यांदा जड गेलं.

बायकोने डिस्क उचलली आणि भावाच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. आत एकच भलीमोठी फाईल बसलेली. तिनेच केलेली इमेज, जशीच्या तशी. वीट पाडायची सोडून नवऱ्याने साचाच गाडीत घालून आणला होता, मग मशीनला तरी काय कळणार. तिने आईला तसं सांगत पदर तोंडाशी धरला, फाईल उतरवून घेतली, भावाकडे कोरी डिस्क मागितली आणि इमेजवरून डिस्क काढायला सांगणारं बटण दाबलं.

ही नवी डिस्क मशीनमध्ये घातली, तर टीव्हीत नुसता काळोख आला. थेटरावाचं तोंड पडलं. एवढ्यात काळोखातूनच आवाज आला, "जावईबापू, आधी त्या डबड्याचं झाकण काढा." मग एक बोट दिसलं, उजेड झाला, आणि सायकलचं चाक मांडीवर घेऊन म्हातारा हसत होता. ठसका लागेपर्यंत.

सासूबाईंनी चष्मा चढवला. म्हाताऱ्याचा ठसका संपला तशा टीव्हीलाच म्हणाल्या, "पुरे. जावयाला किती हसायचं माणसाने." आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितलं.

निघताना थेटरावाने न लागणारी डिस्क परसासाठी खिशात घातली, तर सासूबाईंनी हात पुढे केला. "लागणारी बघून बघून झिजेल. साचा माझ्याकडे राहू दे." त्यांनी ती कपड्यांच्या घडीत ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं.

परतीच्या वाटेवर थेटराव म्हणाला, साचा सोबत असावा म्हणून मी मुद्दामच तसं केलं होतं. बायको म्हणाली, हो का, आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिचे खांदे मात्र घर येईपर्यंत हलत होते.