आईनं मागितलेल्या तारखा

माझं इंग्रजी कोर्टात शिकलेलं आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, वकिली करता करता शिकले असेन. तसं नाही. वकील व्हायच्या कितीतरी आधी, ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, समोरच्या क्वार्टरमधल्या चटईवर मांडी घालून, टीव्हीतल्या कोर्टात मी ते शिकले. शाळेत पाचवीपासून इंग्रजी होतं म्हणा. होतं म्हणजे काय, मास्तर फळ्यावर लिहायचे आणि आम्ही चित्र काढल्यासारखं उतरवून घ्यायचो. बी.ए.ला चंद्रपूरच्या कॉलेजात गेले तरी कुणी इंग्रजीत नाव विचारलं की मला घाम फुटायचा.

समोरच्या क्वार्टरमधले भाऊ ऑफिसात स्टेनो होते. आमच्या रांगेतला पहिला टीव्ही त्यांचा. रविवारी सगळी रांग त्यांच्या घरी लोटायची, पण दुपारी ती विलायती मालिका लागली की पाच मिनिटांत खोली रिकामी. एक उंच, हाडकुळा वकील, दर आठवड्याला नवा खटला, आणि डोक्यावर लोकरीचे पांढरे टोप घातलेली माणसं नुसती बोलत बसलेली. ना गाणं, ना मारामारी. थांबायचो आम्ही तिघंच. इंग्रजी कळायचं म्हणून भाऊ, इंग्रजी कळावं म्हणून मी, आणि मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत माझी आई.

आईला सहीपुरतं लिहिता यायचं, तेही मीच शिकवलेलं. ती का थांबते हे मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कोट घालून उभा राहून बोलनारा मानूस पाह्यला का मले बरं वाटते." आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातल्या, हातात ग्रंथ धरलेल्या बॅरिस्टरांचा फोटो होता. आई रोज सकाळी त्याच्यापुढं हात जोडायची. त्यामुळं कायदा म्हणजे तिला परकी गोष्ट वाटतच नव्हती.

आणि गंमत अशी की एक शब्द कळत नसताना निकाल तिला आमच्या आधी कळायचा. भाऊ कान देऊन ऐकतायत, मी वहीत भराभर लिहितेय, आणि ही सुपातून मान वर करून म्हणणार, "हा लबाड हाय. पाह्य नं, किती पानी पेऊन राह्यला." शेवटी तोच निघायचा! भाऊ कपाळाला हात लावायचे. "वहिनी, तुमाले कसं समजते वो?" आई म्हणायची, "तोंडाकडं पाहाचं, भाऊ. तुमी दोघं कानानं पाहून राह्यले."

माझी दोनशे पानी वही होती. डावीकडं ऐकलेला शब्द, उजवीकडं भाऊंनी सांगितलेला अर्थ. ओव्हररूल्ड, सस्टेन्ड, बर्डन ऑफ प्रूफ. एकदा तो वकील म्हणाला, हे सगळं रेड हेरिंग आहे. डिक्शनरी उघडली तर लाल मासा निघाला. खटला होता एका घड्याळाच्या चोरीचा, त्यात मासा कुठून आला म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग भाऊंनी उलगडून सांगितलं की भलतीच गोष्ट पुढं करून समोरच्याचं लक्ष खऱ्या गोष्टीवरून उडवायचं, त्याला तसं म्हणतात. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "हे तं रोजच करतो आमी बाया."

मला स्वतःला सगळ्यात जास्त भुरळ पाडली ती 'विथ ग्रेट रिस्पेक्ट'नं. वकील न्यायाधीशापुढं कमरेत वाकून असं म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात त्याला चूक ठरवायचा. आणि न्यायाधीश रागावायचा नाही! मी चाटच पडले. आमच्याकडं मोठ्यांशी बोलायच्या दोनच तऱ्हा, एकतर 'हो जी', नाहीतर भांडण. मला पहिली कधी जमलीच नाही. तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ.

आईला त्या कोर्टातला एकच शब्द आवडला. एकदा खटला ऐन रंगात आला असताना न्यायाधीश काहीतरी पुटपुटला आणि सगळे उठून चालते झाले. आई गडबडली. "हे काय वं? मधातच उठले?"

"ॲडजर्न केलं, वहिनी," भाऊ म्हणाले. "तारीख देली. आज निकाल नाई."

"म्हनजे हारलेबी नाई आन् जितलेबी नाई?"

"बरोबर."

आईनं सूप खाली ठेवलं. "ॲडजर्न," ती म्हणाली. अगदी स्वच्छ, माझ्यापेक्षा स्वच्छ. "कामाचा शब्द हाय."

सोमवारी कॉलेजातून आले की आमच्या स्वयंपाकघरात कोर्ट भरायचं. आई पाटावर बसून भाजी चिरायची, ती न्यायाधीश. मी वहीतली वाक्यं म्हणत दोन्ही बाजू लढवायची. मी अडखळले की आई उलथनं डब्यावर आपटून म्हणायची, "ॲडजर्न! पयले चहा मांड." असं करत करत माझी जीभ सुटली. आणि त्याच पाटासमोर मी तिला सांगितलं की बी.ए. झाल्यावर मला नागपूरला वकिली शिकायची आहे. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, टीव्हीतल्या साक्षीदाराकडं बघायची तशी.

दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबा कुरखेड्याकडं एका लग्नाला गेले आणि तिथं माझं लग्न ठरवून आले. मुलगा शाळेत मास्तर, घरी धानाची शेती, माणसं चांगली. खोट काढायला जागाच नव्हती, हाच तर वैताग. बाबा कोळशाच्या खात्यात हेल्पर होते. जन्मात त्यांनी कुणाला 'नाही' म्हटलं नाही. जुन्या मित्रानं हात धरून विचारलं आणि त्यांनी शब्द दिला. दिलेला शब्द परत घेणं म्हणजे त्यांच्या मते मरणच.

मी त्यांच्यापुढं उभी राहिले. वही पाठ होती. कमरेत वाकून म्हणाले, "विथ ग्रेट रिस्पेक्ट, बाबा..."

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांना वाटलं, पोरगी टवाळी करतेय. मग मी मराठीत आले, आणि मराठीत आले की माझा रिस्पेक्ट कुठं जातो कुणास ठाऊक. मी आरडाओरडा केला, 'मला न विचारता कसा शब्द दिला' म्हटलं, 'मी काय गाय आहे का' म्हटलं. बाबा ताटावरून उठले, सायकल काढली आणि ड्युटीला निघून गेले. त्या दिवशी ते उपाशी गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

आईनं ताट झाकून ठेवलं. "तू नोको बोलू आता," ती म्हणाली. "तुले भांडता येते, पन तारीख मांगता येत नाई."

त्यानंतर माझी केस आईनं चालवली. मुलाकडून बोलणी करायला एक काकाजी यायचे, मध्यस्थ. कुरखेड्याहून दोन गाड्या बदलून बिचारे साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख पक्की करायला येत. आई त्यांना पाय धुवायला पाणी द्यायची, पोहे करायची, घरच्यांची एकेकाची खुशाली विचारायची. नाही असं तिनं एकदाही म्हटलं नाही. पहिल्यांदा म्हणाली, धान कापणीला भावाकडं जायचंय, कापणी होऊ द्या. दुसऱ्यांदा म्हणाली, पोरीची परीक्षा आहे, बुद्धपौर्णिमा होऊन जाऊ द्या. काकाजी पोहे खाऊन, मान डोलावून परत जात. बाबा बिचारे कोपऱ्यात बसून ऐकत. तारीख पुढं गेली तरी त्यांचा शब्द शाबूत होता, म्हणून तेही गप्प.

तिसऱ्या खेपेला कारणं संपली. आई पदर पोटाशी धरून म्हणाली, "काकाजी, माह्या पोटात लय दुखून राह्यलं जी. उभंबी राहावत नाई. घरचं कार्य, मी नाई तं कोन करन?"

काकाजींनी बशी खाली ठेवली. "लय जास्त हाय का? मंग तं लवकरच उरकून टाकू. पंधरा दिसांत. मायच्या डोळ्यांदेखत लेक उजवली म्हनजे झालं."

आमच्याकडं तशी रीतच होती. घरातल्या मोठ्यानं अंथरूण धरलं की आधी पोरीचा मांडव. पण आई चटकन सावरून बसली, हसलीसुद्धा. "नाई जी, तसं काई नाई. गॅस हाय. दोन-तीन महिन्यांत निस्तरते."

काकाजी गेल्यावर मी हसून हसून लोळले. "आई, काय नाटक केलंस! वाचलो थोडक्यात." आईही हसली, दाराची चौकट धरून. मी वही काढली आणि रेड हेरिंगच्या पुढं मराठीत लिहिलं, 'उदाहरण: आईचं पोट.'

मग ते पोट आम्हाला वर्षभर पुरलं. काकाजी आले की दुखायचं. जास्त नाही आणि कमीही नाही, बरोबर बेताचं. लग्न पुढं जाईल इतकं, पण कुणी घाबरून घाई करणार नाही इतकंच. कधी काकाजी नसतानाही ती भिंतीला टेकून बसायची, तेव्हा मला वाटायचं, सराव करतेय. एकदा तर मी तिला वकिली थाटात ऐकवलं, "आज जरा जास्तच कण्हलीस. बेंचला संशय येईल."

"हो काय?" ती म्हणाली. "पुढच्या टायमाले कमी करतो."

शेवटी ती माणसं कंटाळली. मास्तरचं लग्न दुसरीकडं जमल्याचा निरोप आला. शब्द त्यांनी मोडला होता, बाबांनी नाही. बाबा चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी लॉ कॉलेजचा फॉर्म मी त्यांच्यासमोर ठेवला, या वेळी तोंडातून चकार शब्द न काढता. त्यांनी बराच वेळ तो उलटासुलटा पाहिला. मग म्हणाले, "कुठी करू सही?" मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली.

पहिल्या वर्षीच्या सुट्टीत मी घरी आले होते. सकाळची वेळ, नळ आलेला. आई बादली उचलता उचलता मटकन खाली बसली आणि तिनं पोट धरलं. आणि मी, नागपूरहून शहाणी होऊन आलेली मी, दारातून म्हणाले, "आता कोणाला दाखवून राह्यली? काकाजी तर नाही आले."

तिनं मान वर केली. तोंडाकडं पाहायचं, असं तीच मला शिकवायची. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. ओठ पांढरे पडले होते आणि तरी ती माझ्याकडं बघून हसायला धडपडत होती.

नागपूरच्या दवाखान्यात तिच्या पोटातून नारळाएवढी गाठ काढली. साधी निघाली, म्हणून आई मला आणखी बरीच वर्षं मिळाली. पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय, तेव्हा आई आधी माझ्याकडं बघत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "झाले असतीन दोन-अडीच वर्सं."

बाबा खाटेच्या पायाशी उभे होते. "मलेबी नाई सांगतलं," एवढंच बोलले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. खोटं बोलत होती असं आम्ही समजत होतो ती बाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती, आणि मी त्याला टाळ्या वाजवल्या होत्या. वहीत लिहून ठेवलं होतं. 'जरा जास्तच कण्हलीस' म्हणणारी ही जीभ तेव्हाच का झडली नाही, असं मला झालं.

टाके सुकत आले तेव्हा एका दुपारी मी तिला विचारलंच. "का केलंस असं? मला तरी सांगायचं होतंस."

"तुले सांगतलं असतं तं तू बापाजवळ रडत गेली असती," आई म्हणाली. "आन् त्याले समजलं असतं तं पंधरा दिसांत मांडव टाकला असता त्यानं. माह्या डोळ्यांदेखत. तूच कबूल झाली असती, माह्यासाठी." तिला दम लागला, थोडं थांबली. "दुखनं तं होतंच. मंग म्हटलं, कामी लावू."

मी तिच्या उशाशी डोकं टेकलं आणि रडायला लागले. तिनं सलाइन लावलेला हात तसाच माझ्या केसांवर ठेवला.

"केस जितली नं आपन?" तिनं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, "हो जी."

"मंग रडून काऊन राह्यली?" आई म्हणाली. "जाय, तुह्या बापाले बलाव. सकाळपासून जेवला नाई तो."