अर्धा कप चहा आणि फवारणीचा पंप

पोलीस खातं मी सोडलं, पण खांदेश्वरजवळच्या भाजीच्या मळ्यातली ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. रुग्णालयातून ठाण्यात फोन आला: विषबाधेचा रुग्ण, बेशुद्ध, बहुधा कीटकनाशक. पाठोपाठ रुग्णाचा धाकटा भाऊ तक्रार घेऊन हजर.

"मॅडम, वयनीनंच चहातून दिलंय. काल दोघांचं जबर भांडन झालेलं. घरान दुसरं कोन हाय?"

कुटुंब जुन्या खाडीकाठच्या गावातलं. शहरासाठी जमिनी गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर दोघे भाऊ माठ, पालक, मुळा लावायचे.

पत्नीला महिला शिपायासोबत समोर बसवलं. मी मुळातच कमी बोलते. चौकशीत त्याचा फायदा होतो. आपण गप्प राहिलो की समोरचा नको तेवढं बोलतो. ही बाई मात्र तेच तेच सांगत राहिली. "भांडन झालं, खोटं कशाला बोलू? मळ्यात चहा मीच नेला. अर्धाच पिला त्यांनी, मंग पडले. मॅडम, मना त्यांच्याजवल जाऊ द्या."

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "भांडण, चहा, विष. सरळ केस आहे. अटक करून मोकळ्या व्हा."

"आधी मळा बघू."

"बघा. पण पंचनामा मराठीत लिहायचा असतो, मॅडम."

मी मूळची दुसऱ्या राज्यातली, म्हणून हा टोमणा. पंचनामा मी मराठीतच लिहिला. चहाचा कप जप्त केला. बांधावर पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप होता, टाकीत औषध शिल्लक. सकाळी फवारणी कशी केली, एवढंच मी भावाला विचारलं. सांगता सांगता त्याने पंप उचलून दांडा मारला. फवारा येईना. त्याने नोझल काढलं आणि सरळ तोंडाकडे नेलं.

मी त्याचं मनगट पकडलं. "काय करताय?"

"कचरा अडकलाय. फुंकला का साफ होतो."

"तुमचे दादाही असंच करतात?"

"सगलेच करतात. आज तर सारखा अडकत होता, दादा पार वैतागलेला."

बोलून झाल्यावर त्याने हातातल्या नोझलकडे पाहिलं आणि ते खाली ठेवलं. सोबत आलेल्या हवालदारांनी आधी त्याला साबणाने हात धुवायला लावले. जबाब नंतर.

डॉक्टरांना विचारलं. रुग्णाचा सदरा पाठीवर औषधाने भिजलेला होता, हातमोजे नव्हते, त्यात हे फुंकणं. विषबाधेला एवढं पुरेसं आहे, ते म्हणाले. मी अटक केली नाही. पत्नीला आमच्याच गाडीतून रुग्णालयात नेलं. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात कपात विष निघालं नाही, आणि शुद्धीवर आल्यावर नवऱ्यानेही नोझल तोंडाने फुंकल्याचं सांगितलं.

त्यानंतर विषबाधेची खबर आली की कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे विचारण्याआधी मी काम कसं करता ते विचारत असे. माणूस वैरापेक्षा सवयीने जास्त मरतो, हे मी तिथे शिकले.

त्या दिवशी वॉर्डाबाहेर दीर खाली मान घालून उभा होता. आत जाता जाता ती थांबली.

"तू पन डॉक्टरला दाखव," ती त्याला म्हणाली. "तू पन रोज तेच करतोस."