लिंब होता तिथं

मुरूमच्या जत्रेला आम्ही दर उन्हाळ्यात दोन दिवस जातो. यंदा पेठेतला रस्ता रुंद झालाय. काही दुकानं मागं सरली, काही गेलीच. त्यात आमचं वडिलांच्या वेळचं कापडाचं दुकानही गेलं. मी ते फारसं मनाला लावून घेतलेलं नाही.

संध्याकाळी देवाची काठी निघाली. दोन पुरुष उंचीची, धरणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यात रोवलेली. धरणारा म्हातारा काटक होता, मिशा गुलालानं माखलेल्या. एका नव्या मोबाइलच्या दुकानासमोर, वर नुसतं आभाळ असताना, त्यानं काठी हळूच तिरकी केली, चार पावलं तशीच नेली आणि पुन्हा उभी केली.

पुढं तो पाणी प्यायला थांबला, तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुम्ही तिथं काठी का वाकवली?"

"लिंब व्हता न्हवं का तिथं. फांदी लई खाली यायची."

"पण तो तर तोडला."

"व्हय, म्या बी बघितलं की तोडताना. पर हाताला कुणी सांगावं?"

तोंड पुसून तो निघून गेला. मला हसू आलं.

गर्दीत बायको आणि मुलगी दिसेनात, म्हणून मी बायकोला फोन लावला. म्हणालो, "आपल्या दुकानापाशी थांबा."

"दुकान होतं तिथं ना?" तिनं विचारलं.