जांभळासाठी काढलेली पावडर

माझा भाचा यज्ञेश आता यशस्वी उद्योजक आहे. हे मी म्हणत नाही, त्याचं विद्यापीठ म्हणतं. तिथल्या भिंतीवर त्याचा हसरा फोटोही लावलाय. तो हसतोय ते फोटोग्राफरने सांगितलं म्हणून. मी तिथेच उभा होतो.

यज्ञेश वाढला बदलापुरात, खरवईला, माझ्या बहिणीच्या म्हणजे मालिनीच्या घरी. मी मोरिवलीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. पोरगं रसायनशास्त्राकडे वळलं याचं श्रेय मी घेतो, पुढे जे झालं त्याचा दोष घेत नाही. बारवी धरणाच्या रस्त्याला वाडीवरची तानी जांभळांची टोपली घेऊन बसायची. सकाळी टपोरी असलेली जांभळं संध्याकाळी मऊ पडायची, उरलेली दुसऱ्या दिवशी फेकून द्यावी लागायची. ती फेकताना तानीचा चेहरा कसा व्हायचा, हे यज्ञेशने शाळेत जाता-येता पाहिलं होतं. पीएचडीला त्याने विषयच तो घेतला, जांभूळ टिकवायचं कसं.

बरोबरीची मुलं परदेशी जाऊन आली, घरं घेऊन बसली, आमचा हा अजून जांभळं चोळतोय. शेवटी रानातल्या एका कंदापासून त्याने पावडर काढली. पाण्यात कालवायची, फळं बुडवायची, वाळवायची. आठवडाभर फळ जसंच्या तसं राहतं. खाण्याआधी कोमट पाण्याने धुतलं की वरचा थर निघून जातो. विद्यापीठाच्या समितीने धुतलेली जांभळं खाल्ली आणि माना डोलावल्या. पेटंट मिळालं, अर्थातच विद्यापीठाच्या नावावर. इन्क्युबेशन सेंटर नावाच्या गारेगार खोलीत यज्ञेशला एक खुर्ची मिळाली आणि त्याची कंपनी निघाली. सेंटरचे संचालक दिनानाथ सर. आयुष्यात पानाची टपरीही न चालवलेल्या या माणसाने यज्ञेशला धंदा कसा करायचा ते शिकवलं.

गेल्या मोसमात तानीने पावडर लावलेली पहिली टोपली मांडली. आता आमच्याकडचं गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी टोपलीतलं एक जांभूळ उचलून तोंडात टाकतं. तो त्याचा हक्कच आहे. फुकटातलं फळ कोण धुऊन खातो? एकेकाच्या जिभेवर पिठूळ थर बसला. लोक थुंकले. "काय केमिकल लावलंय हिने!" म्हणत एक बाई तावातावाने निघून गेल्या. दिवसभरात एक द्रोण खपला नाही. समितीतली मंडळीही रस्त्यावर न धुताच चव घेत असणार, पण समितीत बसल्यावर माणसाला रस्ता आठवत नाही. यज्ञेश घरी आला आणि न जेवता झोपला. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो.

मग उगवले टिकमदास. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्यांचा पॉलिशचा छोटा कारखाना आहे. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी ती पावडर बोटावर घेतली, रेक्झिनच्या खुर्चीला घासली, आणि खुर्ची चकाकली.

"डॉक्टरसाब, ये खा सकते हैं ना?"

"हो, पोटात गेली तरी काही होत नाही."

"बस साईं! बच्चा सोफा चाटेल, तरी मम्मीला टेन्शन नाही! ऐसा पॉलिश मार्केट में किधर है?"

त्यांना पावडरीचे सगळे हक्क हवे होते, फळाला लावायचेसुद्धा. उद्या कोणी फळाची म्हणून स्वस्तात विकली आणि लोकांनी ती सोफ्याला फासली तर? माणूस धंद्यातला, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. यज्ञेश मात्र दिनानाथ सरांकडे गेला. "सर, एक मोसम द्या. जांभळाचं मी काहीतरी जमवतो."

"यज्ञेश, तू फळात अडकलायस," सर प्रेमाने म्हणाले. "मार्चच्या अहवालात विद्यापीठाला एक तंत्रज्ञान बाजारात गेलेलं दाखवायचंय. कशाला लावलं, ते अहवालात विचारत नाहीत."

यज्ञेशने संमती दिली. खुर्ची गेली असती, म्हणून दिली. मार्चच्या अहवालात पावडर बाजारात गेली आणि मे महिन्यात सत्कार झाला. शाल, नारळ, तो फोटो. 'संशोधन समाजाच्या दारात' या विषयावर सरांचं भाषण. टिकमदासांनी प्रत्येकाला पॉलिशची बाटली दिली, तिच्यावर जीभ बाहेर काढलेलं गुटगुटीत बाळ होतं.

परतताना गाडीत यज्ञेश, त्याची बायको राजसी आणि मी. बारवीच्या रस्त्याला तानी बसलेली दिसली. यज्ञेश गाडी तशीच पुढे नेत होता, राजसीने थांबवायला लावली.

तानी त्याला बघून खूश झाली. "दादा, ती पावडर आनलीस? तवा लोक थुकले, पर आठ दिस जांभलं नासली नाय बघ. पोरांनी धुवून खाल्ली, गोड व्हती."

राजसीने सवयीने एक जांभूळ तोंडात टाकलं, आणि बी हातात घेऊन थबकली. "अरे, मग चवीसाठी चार साधी वेगळी ठेवायची ना! बाकीची घरी धुऊन खा म्हणून सांगायचं. झालं."

तेवढंच होतं. वर्षभरात ते ना त्याला सुचलं, ना सरांना, ना मला. तीस वर्षं कारखान्यात घालवलेला मीही ती टोपली बघून फक्त ओरडलो होतो.

"आसंच करू!" तानी म्हणाली. "कदी आनतोस?"

यज्ञेश खांद्यावरच्या शालीसकट तिच्यासमोर उकिडवा बसला. "मावशी, ती आता फळांना लावता येणार नाही. तसा कागद झालाय. ती आता सोफ्याला लावतात."

तानीने हातातला द्रोण खाली ठेवला.

"सोफ्याला?" ती म्हणाली. "सोफा नासतो का रं?"