टाकी श्वास घेते का?

वाळूजच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा यंत्र सांगेल तेच खरं, असा माझा तोरा होता. टाकीवरचे ऑपरेटर मामा मात्र रोज सकाळी आधी पाण्याचा वास घ्यायचे. ओल्या मातीसारखा वास आला की म्हणायचे, "जनावरं खुशीत हायेत." जनावरं म्हणजे पाण्यातली घाण खाणारे जिवाणू. मामा मेंढपाळाच्या घरातले. शेण आणि गूळ घालून त्यांनी हा कळप तीन महिने वाढवला होता.

एका सकाळी चुकून तेजाबाचं पाणी टाकीत शिरलं. साहेबांनी फर्मान काढलं, जिवाणू मेले असतील तर दुपारीच टाकी रिकामी करा. म्हणजे मामांची सगळी मेहनत वाया आणि पुन्हा श्रीगणेशा. मेले की जगले, ते मी सांगायचं होतं.

जिवाणू आपल्यासारखाच प्राणवायू घेतात. टाकीत खालून हवा सोडलेली असते. वर येणारे बुडबुडे झाकणाखाली धरायचे आणि त्यातला प्राणवायू मीटरवर मोजायचा. बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला, तर खाली कुणीतरी श्वास घेतंय. मी अर्धा कापलेला ड्रम पाण्यावर पालथा सोडला आणि वाहून जाऊ नये म्हणून दोरीने कठड्याला आवळून बांधला. आकडा आला एकवीस टक्क्यांच्या जवळ, अगदी बाहेरच्या हवेइतका. मी तडक साहेबांना फोन केला, "टाकी मेली." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

"वास तर जित्याचा येतोय, ताई," मामा म्हणाले.

"नाकाने प्लांट चालत नाही, मामा," मी फटकारलं. आजही ते आठवलं की लाज वाटते.

मामा कठड्यावरून वाकले. थोडा वेळ ड्रमकडे बघून म्हणाले, "दावं लई आखूड बांधलंय तुम्ही. मुंडी वर ऱ्हायलीय त्याची."

खरंच की! ड्रमची एक कड पाण्याबाहेर होती. इतका वेळ मी वाळूजची हवा मोजत बसले होते. मामांनी दोरी सैल केली, ड्रम सपाट बसला. आधी आकडा हलेचना. मग हळूहळू उतरला. वीस. एकोणीस.

मामा मीटरकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होते. "जिती हायेत का?"

"आहेत, मामा. सगळी नसतील, पण आहेत."

टाकी उपसायला बोलावलेला टँकर फाटकातून आत येत होता. मी पुन्हा फोन लावला. "साहेब, टाकी जिवंत आहे. चूक माझी होती, मामांनी धरली."

"आता तरी नक्की ना?" साहेबांनी विचारलं.

मी फोन मामांच्या हातात दिला.